चोचीच्या टोकावरचं फुलपाखरू

(पक्षी आणि फुलपाखरं पाहणाऱ्यांच्या एका बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रमैत्रिणींनो, आज पडद्यावरचं पहिलं चित्र पक्ष्याचं नाही. चिखलाच्या पायवाटेवर पडलेल्या एका पंखाचं आहे. माझ्या तळहातावर जेमतेम मावेल एवढा पंख, आणि निळा असा की कॅमेऱ्यात तो रंग उतरलाच नाही. तुम्हाला दिसतोय तो त्याच्या निम्मासुद्धा नाही. धूपछाव पैठणीचा पदर वळवला की रंग पालटतो ना, तसा हा पंख थोडा कलता केला की निळ्याचा जांभळा व्हायचा, आणखी कलता केला की विझून तपकिरी. मॉर्फो नावाच्या फुलपाखराचा पंख. ठिकाण कोस्टारिकातलं ला सेल्वा संशोधन केंद्र, साधारण १६०० हेक्टरचं सखल प्रदेशातलं पावसाळी जंगल. तिथे चारशेहून जास्त जातींचे पक्षी नोंदलेले आहेत आणि मी त्या सकाळी खाली मान घालून चिखल बघत होते.

पंख फाटलेला नव्हता. धडाला जोडलेला असतो तिथूनच सुटला होता, शेंगेचं देठ मोडावं तसा. आजूबाजूला पाहिलं तर आणखी पंख. एक पिवळा, दोन तपकिरी, आणि चतुराचा काचेसारखा एक. सगळे हातभर जागेत. म्हणजे हे वाऱ्याने आलेले नव्हते, वरून कुणीतरी टाकलेले होते. मान वर केली. दीड पुरुष उंचीवर एक उघडी, वाळकी काटकी आणि तिच्यावर तो बसलेला.

हे दुसरं चित्र. रूफस-टेल्ड जॅकामार. मराठीत याला नाव नाही, तेव्हा आपण जॅकामारच म्हणू. हा शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतून फ्रेंचमार्गे जगभर गेला. शेपटीसकट लांबी पंचवीस सेंटिमीटर, त्यातली पाच एकट्या चोचीची. वजन मात्र आपल्या चिमणीएवढं. पाठ आणि छातीचा पट्टा हिरवा, पण पानासारखा हिरवा नव्हे. सोनं घासून त्यावर हिरवी झाक द्यावी तसा. पोट आणि शेपटीची खालची बाजू तांबूस. गळा पांढरा, म्हणजे हा नर. मादीचा गळा फिकट तांबूस असतो. आणि चोच, ती तर दाभणासारखी सरळ, काळी, आणि नेहमी थोडी वर उचललेली.

आम्ही तिथे तासभर उभे राहिलो. पहिली वीस मिनिटं काहीच घडलं नाही. पण नीट पाहिल्यावर लक्षात आलं की तो नुसता बसलेला नाही. डोकं सारखं हलतंय, झटक्याने, डावीकडे, वर, परत समोर. वाटेवरून जे जे उडत जाईल त्याच्या मागे त्याची मान वळत होती. एक फुलपाखरू गेलं, मान फिरली, तो बसून राहिला. दुसरं गेलं, तेच. तिसरं गेलं आणि काटकी रिकामी झाली. चोच मिटल्याचा 'टक्' असा आवाज मला खाली ऐकू आला. पापणी लवते न लवते तोच तो परत त्याच काटकीवर, त्याच ठिकाणी, आणि चोचीच्या अगदी टोकाला फुलपाखरू. पंखाला धरलेलं नव्हतं, बरोबर धडाला धरलेलं होतं. मग त्याने ते फांदीवर आपटायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, धोबी कपडा आपटतो तसं. एकेक पंख सुटला आणि पहाटे प्राजक्ताचं फूल गिरक्या घेत उतरतं तसा आमच्या पायाशी आला.

माझ्या तोंडून आपसूक शब्द निघाले, अरे, हा तर वेडा राघू!

तुम्हीही तेच म्हणाला असतात. हिरवा रंग, लांब चोच, उघड्या फांदीवर बसणं, हवेत किडा टिपून परत त्याच जागी येणं, मधमाशी पकडली तर काटा निघेपर्यंत आपटणं. आपल्याकडे शेताच्या कडेच्या तारेवर रोज हेच चालतं. पण अमेरिका खंडात वेडा राघूच्या कुळातला एकही पक्षी नाही. जॅकामारचं कूळ वेगळं. त्यात अठरा जाती आहेत, दक्षिण मेक्सिकोपासून ब्राझीलच्या दक्षिण भागापर्यंत आणि अर्जेंटिनाच्या ईशान्य टोकापर्यंत पसरलेल्या, आणि त्या सगळ्या फक्त तिथल्याच. त्यांचे भाऊबंद शोधायचे तर आपल्याकडे वेडा राघूपाशी जाऊन उपयोग नाही. तांबट आणि सुतार या पक्ष्यांकडे जावं लागतं. पाय बघा, दोन बोटं पुढे, दोन मागे, अगदी सुतारासारखी. वडाच्या झाडावर दुपारभर टुक टुक करणारा आपला तांबट हा या पक्ष्याचा लांबचा चुलतभाऊ आहे, हे त्या जंगलात उभं राहून मनाला पटवायला मला वेळ लागला.

उलट, त्याच जंगलात मोटमोट नावाचा पक्षी आहे. निळ्या-हिरव्या अंगाचा, शेपटीची दोन पिसं लांब काडीसारखी आणि टोकाला छोट्या पळीसारखी गोल. दिसायला आपल्याकडच्या कशाचीच आठवण होत नाही. आणि तो मात्र खंड्या, नीलपंख, वेडा राघू यांच्या गणगोतातला! दिसणं एका घरचं आणि रक्त दुसऱ्या घरचं. जॅकामारच्या अंगावर जे आहे ते बरंचसं त्याच्या कामाने घडवलेलं आहे. उडता किडा हवेत पकडायचा, तोही डंख मारणारा किंवा मोठ्या पंखांचा, तर चोच लांब आणि बारीक लागते. पंखांच्या फडफडीतून आत शिरून धडापर्यंत पोचायला, आणि गांधीलमाशीचा काटा डोळ्यांपासून दूर ठेवायला. ज्याने हे काम धरलं त्याला हळूहळू तसं शरीर आलं. आफ्रिका-आशियात एका कुळाने धरलं, अमेरिकेत दुसऱ्याने.

इथे ब्रिटिश निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांची आठवण निघायलाच हवी. १८४८ साली ते आणि हेन्री वॉल्टर बेट्स, दोघं पंचविशीच्या आतबाहेरचे तरुण, ॲमेझॉनच्या मुखाशी पारा या शहरात उतरले. पैसे नव्हते. पक्षी, कीटक गोळा करून इंग्लंडला विकायचे आणि त्यावर गुजराण करायची, असा बेत. वॉलेस यांनी पुढे आपल्या प्रवासवर्णनात एक निरीक्षण लिहिलं. रातवे, पाकोळ्या, माशीमार आणि जॅकामार, हे सगळे एकच खाणं खातात, सगळे ते हवेतच पकडतात, तरी त्यांची शरीरं किती वेगळी! म्हणजे नुसत्या खाण्यावरून शरीराचा उलगडा होत नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. हे पुस्तक १८५३ चं, म्हणजे नैसर्गिक निवडीची कल्पना त्यांना सुचण्याच्या पाच वर्षं आधीचं. मला ते वाचताना एक तरुण माणूस कोड्याच्या उंबरठ्यावर उभा दिसतो. मी म्हटलं, कामाने शरीर घडतं. वॉलेस म्हणतात, नुसत्या कामाने नाही. दोन्ही खरं आहे. रातव्याला त्याच्या पूर्वजांनी रुंद जबडा दिला, जॅकामारला त्याच्या पूर्वजांनी सुतारी पाय दिले. प्रत्येकजण घरातून जे घेऊन आला त्यातूनच त्याला हत्यार बनवावं लागलं.

आता या कुळातली थोडी मंडळी भरभर बघू. हा ग्रेट जॅकामार, तीस सेंटिमीटर, चोच जाड आणि किंचित वाकलेली. हा पानांवरचे किडे, कोळी, कधी एखादा छोटा सरडाही उचलतो. याची शीळ लांबलचक आणि खिन्न असते, ऐकल्यावर बराच वेळ कानात राहते. हा पॅराडाइज जॅकामार, शेपटी बाणासारखी लांब, गळा पांढरा, बाकी काळपट तळपता. आणि हा पश्चिम ॲमेझॉनमधला व्हाइट-इअर्ड जॅकामार, अंग तांबूस-कथ्थई, चोच गुलाबी आणि जाडजूड, शेपूट आखूड. चित्र दाखवून विचारलं तर तुमच्यातले निम्मे लोक खंड्या म्हणतील. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'खंड्याच्या चोचीचा जॅकामार' असा होतो. ब्राझीलमध्ये जॅकामारला अरिरांबा म्हणतात आणि तोच शब्द खंड्यालाही वापरतात. त्रिनिदादमध्ये त्याचं नाव 'किंग हमिंगबर्ड'. लोकांनी ज्याला जे आठवलं ते नाव दिलं.

नावांवरून एक गोष्ट सांगायची राहू नये. जॅकामारचे सर्वांत जवळचे नातेवाईक पफबर्ड. मोठं डोकं, मळकट तपकिरी किंवा काळी-पांढरी पिसं, चमक अजिबात नाही, आणि तासन् तास फांदीवर दगडासारखं बसणं. एकाच घरातला एक भाऊ जरीच्या अंगरख्यात आणि दुसरा घोंगडीत. पफबर्डना ब्राझीलमध्ये 'जोआंव बोबो' म्हणतात, म्हणजे वेडा जोआंव. मध्य अमेरिकेत मोटमोटलाही 'पाहारो बोबो' म्हणजे वेडा पक्षी म्हणतात. आणि आपण काय म्हणतो? वेडा राघू. दोन महासागर मध्ये असलेल्या लोकांनी, एकमेकांशी काही बोलणं नसताना, शांत बसून वाट पाहणाऱ्या पक्ष्यांना वेडं ठरवलं. मला याचं फार वाईट वाटतं. ज्याने तासाभरात काटकीवर बसलेल्या जॅकामारची मान फिरताना पाहिली आहे तो असं नाव ठेवणार नाही. तो पक्षी तिथे बसून वाचत असतो. येणारं प्रत्येक फुलपाखरू वाचत असतो.

आणि हाच आजच्या बोलण्याचा गाभा आहे. त्या सकाळी त्याने दोन फुलपाखरं का जाऊ दिली आणि तिसरं का पकडलं?

यासाठी बेट्स यांच्याकडे यावं लागेल. वॉलेस १८५२ मध्ये परतले, वाटेत जहाज जळालं, संग्रह गेला. बेट्स मात्र राहिले. अकरा वर्षं ॲमेझॉनच्या काठी राहिले, आणि १८५९ मध्ये परतताना त्यांच्या गोळाबेरजेत चौदा हजारांहून जास्त जाती होत्या, बहुतेक कीटक. जंगलात त्यांना फुलपाखरांचा एक गट सारखा दिसायचा. लांबट पंख, नारिंगी-काळा-पिवळा भडक रंग, संथ उडणं, सहज हाताला लागतील असे. आणि तरीही पक्षी त्यांच्या मागे लागलेले कधी दिसत नाहीत. बेट्स यांनी ओळखलं की ही बेचव असणार. पुढे घरी जाळीतले नमुने मांडताना त्यांना आढळलं की त्या गर्दीत काही फुलपाखरं मुळी त्या गटाची नाहीतच. ती आपल्याकडच्या साध्या पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कुळातली, खायला चांगली, पण बेचव शेजाऱ्यांचा वेश हुबेहूब चढवलेली. गाव बदललं, बेचव जातीचा रंग बदलला, की तोतयाचाही रंग बदलायचा. १८६२ मध्ये त्यांनी हे छापलं. तीन वर्षांपूर्वीच डार्विन यांचा ग्रंथ आला होता आणि त्याला इतका डोळ्यांदेखतचा पुरावा तोवर कुणी दिला नव्हता.

हे आपल्या अंगणातही आहे. रुईवर वाढणारं प्लेन टायगर हे बेचव फुलपाखरू तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, संथ, निर्धास्त. आणि डॅनॅइड एगफ्लायची मादी अगदी तशीच दिसते. कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या काही माद्या कॉमन रोझ या बेचव फुलपाखराचा वेश घेतात. बेट्स यांना जे ॲमेझॉनमध्ये दिसलं ते सह्याद्रीत पावसाळा संपला की कुणालाही दिसेल.

पण तोतया कुणाला फसवतो? कुणीतरी बघणारा असल्याशिवाय वेशाला अर्थ नाही. बरीच वर्षं कागदावर 'पक्षी' असा मोघम शब्द येत राहिला. थॉमस बेल्ट नावाचे खाण अभियंता निकाराग्वात होते. त्यांनी पिल्लांना फुलपाखरं आणि चतुर भरवणारी पक्ष्यांची एक जोडी पाहिली. भोवताली भडक रंगाची, बेचव हेलिकोनियस फुलपाखरं ढिगाने उडत होती, पकडायला सगळ्यांत सोपी, पण त्या जोडीने घरट्यात त्यांतलं एकही नेलं नाही. दक्षिण ब्राझीलमध्ये स्थायिक झालेले जर्मन निसर्गअभ्यासक फ्रिट्झ म्युलर यांनी १८७९ मध्ये दुसरं कोडं सोडवलं. दोन्ही जाती बेचव असताना त्या एकमेकींसारख्या का दिसतात? कारण, ते म्हणाले, प्रत्येक अननुभवी पक्ष्याला धडा शिकवायला काही फुलपाखरांचा जीव जातो. दोघींनी एकच गणवेश घातला तर तो खर्च वाटला जातो. हिशोबाची गोष्ट, पण मला ती पहिल्यांदा कळली तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

हेलिकोनियसचा बेचवपणा येतो कुठून? तिच्या अळ्या पॅसिफ्लोराच्या वेलींवर वाढतात. पॅसिफ्लोरा म्हणजे आपलं कृष्णकमळ. कौरव-पांडव मोजायला आजीने जे फूल हातात दिलं होतं ते. तो वेल मूळचा अमेरिकेतला, आपल्याकडे नंतर आला. त्याच्या पानांत सायनाइड तयार करणारी रसायनं असतात. हेलिकोनियस ती पचवायला शिकली आणि तिने स्वतःच्या अंगातही तशीच रसायनं बाळगली. पक्ष्याला चव कळते ती याची.

आता परत आपल्या काटकीवरच्या पक्ष्याकडे. १९८० च्या दशकात पेंग चाय या संशोधकाने कोस्टारिकात ठरवलं की मोघम 'पक्षी' पुरे, जॅकामारलाच विचारू. जॅकामार पिंजऱ्यात ठेवून त्यांच्यासमोर स्थानिक जंगलातली जिवंत फुलपाखरं एकेक करून सोडली. अनेक जाती, पुन्हा पुन्हा. आणि फक्त तीन गोष्टी पाहिल्या. पक्षी झेपावला का, पकडलं का, पकडून खाल्लं की टाकलं.

निकाल वाचताना मला ती सकाळ आठवली. कितीतरी वेळा पक्षी जागचा हललाच नाही. बेचव जात समोरून उडाली, त्याने पाहिली, सोडून दिली. त्याला चव घेऊन बघायची गरज नव्हती. उडतं फुलपाखरू नुसतं पाहून त्याला जात कळत होती, आणि एकदा कळलेली गोष्ट तो विसरत नव्हता. याच कामातून पुढे चाय आणि रॉबर्ट सर्गली यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला रंगांपेक्षाही मोलाची वाटते. खायला चांगल्या फुलपाखरांची छाती जाड असते, कारण तिथे उडण्याचे स्नायू असतात. ती ऊन घेऊन अंग गरम ठेवतात, वेगाने उडतात आणि वाकडीतिकडी उडतात. आपला मॉर्फो हे त्याचं उत्तम उदाहरण, हवेत वर-खाली हेलकावे घेत जातो आणि त्यामुळे जॅकामारच्या झेपेतून पुष्कळदा निसटतो. बेचव फुलपाखरं याच्या उलट. संथ, सरळ, एका लयीत, अंग त्यामानाने थंड. त्यांना पळायची गरज नाही, मग स्नायूंवर खर्च कशाला? ते वजन पोटाकडे जातं, अंड्यांकडे जातं. म्हणजे पंखांचा रंगच नाही, छातीची जाडी, अंगाची ऊब, उडण्याची चाल, पोटातली अंडी, या सगळ्यावर त्या काटकीवरच्या पक्ष्याच्या नजरेची छाप आहे.

पुढे गॅरी लँगहॅम यांनी व्हेनेझुएलात असंच काम केलं. जॅकामारना हेलिकोनियसचं स्थानिक रूप दाखवलं, त्यांनी ते टाळलं. तीच जात, तीच बेचव, फक्त पंखावरचा रंग बदलून दाखवली, तर पक्षी तिच्यावर झेपावले. म्हणजे ओळख चवीच्या नावाने नाही, रंगाच्या नावाने मनात ठेवलेली असते. आणि वेगळ्या रंगाचं एखादं फुलपाखरू जन्माला आलं तर त्याची तिथे धडगत नाही, हेही त्यातून कळतं. म्हणूनच एका खोऱ्यातल्या साऱ्या हेलिकोनियस एका गणवेशात राहतात.

इथे तुमच्या मनात प्रश्न येईल की हे शहाणपण सगळं शिकलेलंच असतं का. एवढ्यासाठी मला मोटमोटकडे परत यायचं आहे, कारण त्याच्या बाबतीत उत्तर वेगळं आलं.

मोटमोट फक्त किडे खात नाही, सरडे आणि छोटे सापही खातो. आणि त्याच्या मुलखात कोरल स्नेक असतो, अंगावर लाल, पिवळी, काळी कडी असलेला, अतिशय विषारी. हेलिकोनियस खाल्लं तर पक्षी थुंकून टाकेल आणि धडा घेईल. कोरल स्नेकच्या बाबतीत धडा घ्यायला पक्षी उरणारच नाही. सुसान स्मिथ यांनी मोटमोटची पिल्लं हाताने वाढवली, म्हणजे त्यांनी आयुष्यात साप पाहिला नव्हता. त्यांच्यासमोर रंगवलेल्या लाकडी काड्या ठेवल्या. हिरव्या-निळ्या कड्यांची काडी, पिल्लांनी टोचून पाहिली. लाल-पिवळ्या रंगांचे उभे पट्टे असलेली काडी, तीही टोचली. आणि लाल-पिवळ्या कड्यांची काडी ठेवली तर पिल्लं घाबरून दूर पळाली, ओरडली. १९७५ मध्ये हे छापून आलं. रंगही तेच, पण कडी हवीत. कडीही तीच, पण रंग हवेत. दोन्ही जुळलं की भीती आपोआप. ती त्यांना कुणी शिकवली नव्हती.

म्हणजे एकाच जंगलात दोन प्रकारचं वाचन चाललेलं आहे. जॅकामारला अक्षरं शिकावी लागतात, चूक करायला मुभा आहे. मोटमोटला कोरल स्नेकपुरतं अक्षर जन्मतःच येतं. चूक किती महाग पडते त्यावर हे ठरलं असावं, असं मला वाटतं.

मोटमोटच्या शेपटीबद्दलही बरेचजण विचारतात, तेव्हा थोडक्यात सांगते. ती पळीची टोकं जन्मतः नसतात. पीस पूर्ण येतं, मग टोकाच्या थोडं वरचे तंतू कमजोर असल्यामुळे घासून, चोचीने साफ करताना गळून पडतात आणि मध्ये उघडी काडी उरते. शिकारी दिसला की मोटमोट ही शेपटी घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवी हलवतो. मेक्सिकोच्या युकातान भागात ट्रॉय मर्फी यांनी दाखवलं की जवळ दुसरा मोटमोट नसला तरी तो हलवतो. म्हणजे इशारा आपल्या जातभाईंना नाही, शिकाऱ्यालाच आहे: मी तुला पाहिलं, आता येऊन उपयोग नाही. टरक्वॉइज-ब्राउड मोटमोट हा एल साल्वाडोरचा आणि निकाराग्वाचा राष्ट्रीय पक्षी. निकाराग्वात त्याला 'ग्वार्दाबारांको' म्हणतात, दरडीचा राखणदार.

हे नाव मला फार आवडतं, कारण ते घरट्यावरून आलं आहे. मोटमोट दरडीत बीळ खणतो. जॅकामारही खणतो, दरडीत, उन्मळलेल्या झाडाच्या मुळांना चिकटलेल्या मातीच्या भिंतीत, किंवा झाडावरच्या वाळवीच्या वारुळात. त्या नाजूक दाभणाने! नर आणि मादी दोघं आळीपाळीने. आत गवत नाही, पीस नाही, उघड्या मातीवर दोन ते चार पांढरी अंडी. पण आईबाप आत बसून किड्यांची न पचलेली कवचं ओकून टाकतात, आणि हळूहळू भुंग्यांच्या चमकत्या तुकड्यांचा थर जमतो. पिल्लं त्यावर वाढतात. ही सारी माहिती आपल्याला आहे ती मुख्यतः अलेक्झांडर स्कच यांच्यामुळे. १९४१ पासून ते कोस्टारिकात एका शेतावर राहिले, सभोवतालचं जंगल न तोडता, आणि २००४ मध्ये शंभरीला आठ दिवस कमी असताना गेले. त्यांची पद्धत एवढीच होती की घरट्यासमोर दिवस दिवस बसायचं आणि कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं ते वहीत लिहायचं. रात्री मादी अंड्यांवर, दिवसा दोघं पाळीपाळीने, एकोणीस ते तेवीस दिवस. पिल्लं अंड्यातून बाहेर येतात ती पांढऱ्या लवेने झाकलेली. पफबर्डची पिल्लं मात्र उघडीवाघडी जन्मतात. हा फरक कळायला कुणीतरी बिळात डोकावून बघावं लागलं.

शेवटी एका जातीविषयी बोलायचं आहे. आग्नेय ब्राझीलमधला थ्री-टोड जॅकामार. याला तीनच बोटं, चौथं गळालेलं. रंगही बाकीच्यांइतका झगमगीत नाही, पाठ काळपट, पोट पांढरं, डोक्यावर बारीक रेघा. हा फक्त अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलपट्ट्यात राहतो, मिनास जेराइस आणि रिओ द जानेरो राज्यांच्या आसपास. त्या मूळ जंगलाचा साधारण १२ टक्केच भाग आता उरला आहे. कॉफी, मग गुरं, मग नीलगिरीची लागवड. तरी हा पक्षी टिकून आहे, तुकड्या-तुकड्यांत, ओढ्याकाठच्या झाडीत, कधी नीलगिरीच्या लागवडीतही, जर खाली मूळची झुडपं ठेवली असतील तर. छोट्या टोळक्याने राहतो आणि दरडीत एकाशेजारी एक बिळं करतो. त्याला मोठं जंगल नसलं तरी भागतं, पण उभी मातीची भिंत लागते आणि तिच्यासमोर उडते किडे लागतात. रस्ता रुंद करताना दरड तासून उतरती केली किंवा सिमेंटने लिंपली, की त्या ठिकाणची वस्ती संपली. आपल्याकडे वेडा राघूची बिळं असलेल्या किती दरडी मी अशाच गेलेल्या पाहिल्या आहेत. तुम्हीही पाहिल्या असतील. ज्या माणसाच्या हातात ते यंत्र असतं त्याला ती बिळं उंदराची वाटतात. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

हे शेवटचं चित्र. ला सेल्वातलंच, दुसऱ्या दिवशीचं. ओढ्याकाठी एक पडलेलं झाड, त्याच्या मुळांच्या जाळ्यात अडकलेली माती, आणि मातीत लिंबाएवढं भोक. आम्ही बरंच लांब बसलो होतो. मादी समोरच्या वेलीवर आली, चोचीत चतुर होता, पंख काढलेला. ती लगेच आत गेली नाही. मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आमच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आत गेली. बाहेर आली तेव्हा चोच रिकामी होती आणि टोकाला थोडी लाल माती लागलेली होती.